हजेरीपटाबाहेरचे अकरा कोटी

चौलला ३६० देवळं आणि ३६० तळी, असं इथला कुणीही तुम्हाला छातीठोकपणे सांगेल. मोजली कुणी, हे विचारायचं नसतं. रामेश्वराचं देऊळ आणि त्याच्यासमोरची पुष्करणी दाखवतात, भोवाळ्याच्या दत्ताच्या पायऱ्या दाखवतात, बाकीचं आपण समजून घ्यायचं. दहाव्या शतकात अल-मसुदी हा अरब प्रवासी या बंदरात आला. अरब तेव्हा याला सैमूर म्हणत. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलं. आकडा मोठा आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो आवडीनं दिला जातो. पण दहा हजार म्हणजे गावातले निम्मे की विसावा हिस्सा? त्या एका आकड्यावरून हजार वर्षांनंतरही ते सांगता येत नाही.

उच्चशिक्षणाचे सरकारी आकडे वाचताना मला हा अल-मसुदी हटकून आठवतो. आपल्याकडे अंश मोजायची फार हौस आहे. छेदाचं नाव काढलं की सगळे इकडेतिकडे बघायला लागतात.

आधी अंश पाहू, कारण तोही काही लहानसहान नाही. अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२च्या अहवालानुसार देशात १,१६८ विद्यापीठं, ४५,४७३ महाविद्यालयं आणि ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. ४ कोटी ३३ लाख हा आकडा डोळ्यांना दिसतो, डोक्यात शिरत नाही. म्हणून आपण त्याची हजेरी घेऊ. एका नावाला दोन सेकंद. मास्तरांनी नाव पुकारायचं, पोरानं ‘हजर’ म्हणायचं, की पुढचं नाव. मास्तरांनी जेवायचं नाही, झोपायचं नाही, रविवार नाही की दिवाळी नाही. असं अखंड पुकारत गेलं तर ही हजेरी संपायला १,००२ दिवस लागतात. पावणेतीन वर्षं! पहिल्या वर्षाला असताना ज्यांची नावं पुकारली, त्यांची पदवी हजेरी संपता संपता हातात आलेली असेल.

आता छेद. त्याच अहवालात नोंदणीचं गुणोत्तर २८.४ टक्के दिलं आहे. १८ ते २३ वयाच्या दर शंभर तरुणांमागे २८.४ जण उच्चशिक्षणात. उलटं गणित करा: १८ ते २३ वयाचे एकूण तरुण निघतात सव्वापंधरा कोटी. त्यातून ४ कोटी ३३ लाख वजा केले की उरतात जवळपास १० कोटी ९२ लाख. हे गुणोत्तर काढताना तिशीतला किंवा पन्नाशीतला विद्यार्थीही अंशात धरतात, छेद मात्र १८ ते २३चाच. म्हणजे बाहेर राहिलेले खरे तर याहून जास्तच. तरी आपण अकरा कोटींच्या आतलाच आकडा धरू आणि त्यांचीही हजेरी घेऊ. तीच दोन सेकंदांची लय, तेच न झोपणारे मास्तर. २,५२७ दिवस लागतात. सहा वर्षं अकरा महिने.

या हिशेबातली गंमत, म्हणजे गंमत कसली, हीच आहे: १८ ते २३ हा पट्टा सहा वर्षांचा. हजेरी सुरू झाली त्या दिवशी जो नुकता अठराचा झाला होता, तो हजेरी संपेस्तोवर पंचविशीला टेकलेला असतो. गैरहजर कोण कोण आहेत, एवढी नावं वाचून होईपर्यंत त्यातला एकही जण त्या वयाचा राहत नाही.

आणि मुळात ही दुसरी यादी वाचायची कुठून? पहिली यादी विद्यापीठांकडे आहे. दुसरी कुणाकडेच नाही.

मुंबई विद्यापीठाची पहिली यादी वाचायला आठ सेकंद पुरली असती. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि १८६२ साली कला शाखेचे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांचं कौतुक आपण दीडशे वर्षं करतो आहोत आणि ते रास्तच आहे. पण चार भागिले किती, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला? जोतीराव फुल्यांना पडला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी विचारलं ते हेच: शेतसारा भरतो कोण आणि त्या पैशावर महाविद्यालयात बसतो कोण?

आकडेवारी मांडून हाच प्रश्न विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १२ मार्च १९२७. मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती आणि आंबेडकर सभागृहात नवे होते. सरकारी शिक्षण खातं तेव्हा इलाख्यातल्या लोकांचे चार गट करत असे: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधला वर्ग आणि मागासवर्ग. आंबेडकरांनी नुसती विद्यार्थ्यांची संख्या सांगितली नाही. प्रत्येक गटाची लोकसंख्या खाली ठेवून संख्या सांगितली. प्राथमिक शाळेत हजारी किती? पुढारलेले ११९, मुसलमान ९२, मधला वर्ग ३८, मागास १८. माध्यमिक शाळेत लाखामागे किती? अनुक्रमे ३,०००, ५००, १४० आणि १४. आणि महाविद्यालयात दोन लाखांमागे किती? १,०००, ५२, १४ आणि शून्य. असलाच तर एखादा.

हे आकडे एका दमात वाचून पुढे जाऊ नका. पहिल्या पायरीवर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटात साडेसहा पटींची तफावत होती. दुसऱ्या पायरीवर ती दोनशे पटींवर गेली. तिसऱ्या पायरीवर भागाकारच करता येत नाही, कारण छेदात शून्य येतं. शिवाय लोकसंख्येत जो गट सर्वांत मोठा, तो शिक्षणात तिसरा, आणि जो सर्वांत लहान तो पहिला, हा उलटा क्रमही त्यांनी सभागृहाला दाखवला. आज जगभरची विद्यापीठं संगणकावर रंगीत तक्ते काढून ‘समन्यायी प्रवेशाचा’ अभ्यास करतात. त्या अभ्यासाचा सगळा सांगाडा या चार ओळींत आहे: गट पाडा, प्रत्येक गटाचा छेद घ्या, पायरीपायरीवर मोजा, गळती कुठे वाढते ते बघा.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, आंबेडकर महाडला चवदार तळ्यावर होते. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. चौलही त्याच जिल्ह्यात. १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पाण्याच्या हक्काचा तो दिवस सगळ्यांना ठाऊक आहे. आठवडाभर आधीचं आकड्यांचं भाषण फारसं कुणी वाचत नाही. माझ्या मते ही एकाच लढाईची दोन टोकं आहेत.

तेव्हापासून किती अंतर कापलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण तो आकडाही थक्क करणारा आहे. आज देशभरची सरासरी घेतली तर दोन लाख लोकांमागे उच्चशिक्षणात सहा हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. अनुसूचित जमातींचे २७ लाख १० हजार विद्यार्थी त्यांच्या लोकसंख्येवर मांडले तर दोन लाखांमागे चार-पाच हजार निघतात. म्हणजे आज मागे राहिलेला हा गटही १९२७च्या सर्वांत पुढच्या गटाच्या चौपट पुढे आहे. देशपातळीवर मुलींचं गुणोत्तर २८.५ आणि मुलांचं २८.३. मुली पुढे गेल्या आहेत. अनुसूचित जातींचं २५.९, अनुसूचित जमातींचं २१.२. दरी आहे, पण दोनशे पटींची नाही.

मग अडतं कुठे?

महाराष्ट्राचं गुणोत्तर ३५.३ आहे. विद्यार्थिसंख्येत उत्तर प्रदेशाच्या ६९ लाख ७३ हजारांनंतर आपले ४५ लाख ७८ हजार, देशात दुसरे. यावरून उलटं गणित केलं तर राज्यात १८ ते २३चे तरुण सुमारे एक कोटी तीस लाख. एकेका वयाचे साडेएकवीस लाखांच्या आसपास. आता बारावीचा निकाल घ्या. २०२५च्या राज्य मंडळाच्या परीक्षेला १४ लाख १७ हजार ९६९ नियमित विद्यार्थी बसले, १३ लाख २ हजार ८७३ उत्तीर्ण झाले. वर्तमानपत्रांत मथळा आला: निकाल ९१.८८ टक्के. पेढे वाटले गेले. (कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला आला आणि रायगडातल्याही काही घरांत कॉलर ताठ झाली, वास्तविक रायगड कोकण मंडळात नाही, मुंबईत आहे.) पण तेच १३ लाख त्या वयाच्या साडेएकवीस लाखांवर मांडले तर निघतात साठ टक्के. केंद्रीय मंडळांची मुलं, आयटीआय, पदविका यांची थोडीफार भर घाला. तरी पदवीच्या दारापर्यंत शंभरातले तीसपस्तीस जण पोचतच नाहीत, हे उरतंच. विद्यापीठ आपल्या दारात उभ्या असलेल्या मुलांना आरक्षण देतं, फीमाफी देतं. जो रस्त्यातच राहिला तो त्याच्या हिशेबात नाही.

आणि रस्ता खरोखरीचा रस्ता असतो. चौलच्या एखाद्या मुलीनं अलिबागच्या जे. एस. एम. महाविद्यालयात बी.ए.ला नाव घातलं असं समजा. हे महाविद्यालय १९६१पासून आहे आणि या पट्ट्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिथलाच. चौलहून अलिबाग पंधरा-सोळा किलोमीटर. यूजीसीच्या नियमानं वर्षाला निदान १८० दिवस शिकवायचं, परीक्षेचे वीसेक धरा. जाऊन-येऊन ३२ किलोमीटर, २०० दिवस, तीन वर्षं: १९,२०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,०७५. नागाव, आक्षीच्या सुपारीच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यानं, पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकत, ही मुलगी पदवीसाठी जवळजवळ अर्धी पृथ्वीप्रदक्षिणा करते. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरहून निघालेला अफनासी निकितीन चौलला उतरला म्हणून रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. या मुलीच्या प्रवासाची नोंद एसटीच्या पासावर.

त्या पासाचीही एक गोम आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. साध्या पदवीच्या वर्गात गेली की एक तृतीयांश भाडं भरायचं. सवलत मोठीच आहे, नाही कोण म्हणतं? पण घरातल्या खर्चाचा जो नवा आकडा उभा राहतो, तो नेमका बारावी आणि पदवी यांच्यामधल्या उंबरठ्यावर. जुलै २०२४मध्ये राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. त्यासाठी ९०६ कोटींचा भार धरला. चांगलाच निर्णय. मात्र कोकणात शिक्षणाची वाट अडते ती फीपेक्षा अंतरानं, हे महर्षी कर्व्यांच्या चरित्रात लहान मुलंही वाचतात. १८७५ साली दापोलीजवळच्या मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी ते पावणेदोनशे किलोमीटर घाट तुडवत गेले आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना बसू दिलं नाही. सगळं चालून गेल्यावर दारात नकार मिळाला. त्या वर्षीच्या परीक्षेच्या कुठल्याही टक्केवारीत ते नव्हते.

आता सर्वांत अवघड जागा. चौलच्या मागे डोंगराकडे सरकलं की कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. केंद्रानं महाराष्ट्रातल्या तीन जमाती अतिअसुरक्षित आदिम गटात धरल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११च्या जनगणनेत राज्यात पावणेतीन लाखांहून अधिक कातकरी होते आणि रायगड हा त्यांचा मुख्य मुलूख. पण सर्वेक्षणाच्या तक्त्यात रकाना एकच असतो, ‘अनुसूचित जमाती’. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, सगळे त्याच रकान्यात. २१.२ टक्क्यांमध्ये कातकरी किती, हे अहवालाला विचारता येत नाही. १९२७ साली ‘मागासवर्ग’ हा एक रकाना होता, त्याच्या पोटात जी शून्यं दडली होती, तीच आज एका पायरीनं खाली दडली आहेत.

आणि कॅलेंडर बघा. विद्यापीठाचं पहिलं सत्र पावसाळ्यात सुरू होतं आणि दिवाळीच्या सुमाराला आटोपतं. दुसरं सत्र दिवाळीनंतर ते उन्हाळा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दुसरं सत्र आणि भट्टीचा हंगाम एकमेकांवर तंतोतंत बसतात. एखादा कातकरी मुलगा पहिल्या सत्रात उत्तीर्ण झाला आणि दुसऱ्यात गैरहजर राहिला, तर गुणपत्रिकेवर त्याला केटी लागते. त्याचा मुकादम, आईबापांनी घेतलेली उचल, भट्टीचा पत्ता, यातलं काही गुणपत्रिकेवर येत नाही.

प्रवेशानंतर विद्यार्थ्याचं काय होतं याचा माग ठेवायचा, तर निदान गळतीचं कारण तरी हवं. डिसेंबर २०२३मध्ये संसदेत सांगितलं गेलं की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाचे १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. सरकारचं म्हणणं, त्यातले बरेच दुसऱ्या अभ्यासक्रमाला किंवा संस्थेत गेले. असतीलही. पण किती गेले आणि किती घरी बसले? आणि खुल्या प्रवर्गातले किती बाहेर पडले, एकूण किती जणांपैकी? पुन्हा अल-मसुदीचे दहा हजार! ही तर केंद्राच्या, पैशाअडक्यानं बऱ्या असलेल्या संस्थांची गोष्ट. चौलची मुलं जिथे जातात त्या संलग्न महाविद्यालयांचा असा आकडा संसदेत कुणी मागतही नाही.

असा माग ठेवून काय साधतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटाचं आहे. तिथल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २००३ साली शंभरातले ३२ विद्यार्थी सहा वर्षांत पदवी पूर्ण करत. २०१२पासून विद्यापीठानं प्रत्येक विद्यार्थ्याचा रोजचा माग ठेवायला सुरुवात केली. आठशेहून अधिक खुणा ठरवल्या. चुकीचा विषय घेतला, पायाभूत विषयात कमी गुण पडले, की सल्लागाराच्या टेबलावर सूचना येते आणि तो विद्यार्थ्याला बोलावून घेतो. त्याआधी, २०११पासूनच, दुसरा एक प्रकार त्यांच्या ध्यानात आला होता: कित्येक मुलं शेवटच्या टप्प्यात निव्वळ थोड्याशा फीच्या बाकीपायी नाव कमी करत होती. विद्यापीठानं ती बाकी आपणहून भरायला सुरुवात केली. प्रमाण ३२वरून ५४च्या घरात गेलं आणि काळ्या व गोऱ्या विद्यार्थ्यांमधली पदवीची दरी मिटली. पोरं तीच, अभ्यास तोच. विद्यापीठानं आपण कुठे आडवे येतो ते शोधलं, एवढाच फरक.

आपल्याकडे साधनं नाहीत असं मुळीच नाही. नॅकच्या मूल्यमापनात ‘विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती’ हा पाचवा निकष आहे. विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळ आहे. कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. बारा आकडी ‘अपार’ ओळखक्रमांक आला आहे, त्यात शाळेपासून पदवीपर्यंतचा प्रवास एका धाग्यात ओवायची सोय आहे. बारा आकड्यांत एक लाख कोटी क्रमांक बसतील इतकी जागा असते. आपण सगळे मिळून दीडशे कोटीही नाही. जागा अडत नाही. अडतं ते शिष्यवृत्तीच्या खिडकीवर. उत्पन्नाचा दाखला सेतूतून आणायचा, जातवैधता समितीकडून, बँकखातं आधारशी जोडायचं. शाळेच्या दाखल्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळाराम’ असेल, तर महाडीबीटी अर्ज परत पाठवतं. ज्याला सर्वांत जास्त कागद मागितले जातात, त्याच्याकडे सर्वांत कमी कागद असतात. पालक-शिक्षक योजनेत वीस-पंचवीस मुलांमागे एक प्राध्यापक नेमलेला असतो. चांगले प्राध्यापक वाडीवर जाऊन पोराला परत आणतात, असे मी पाहिलेत. बाकी ठिकाणी फाइल तयार असते, नॅकची समिती यायच्या आठवड्यात.

नव्या शैक्षणिक धोरणाचं लक्ष्य आहे २०३५पर्यंत ५० टक्के. तरुणांची संख्या आहे तेवढीच राहिली तर ७ कोटी ६० लाख विद्यार्थी हवेत. आणखी सव्वातीन कोटींहून जास्त. २०२२पासून तेरा वर्षांत हे गाठायचं तर रोज, सुट्टी न घेता, ६,९०० नवे विद्यार्थी. अडीच हजारांचं एक महाविद्यालय धरलं तर दररोज जवळपास तीन महाविद्यालयं भरायची. इमारती उभ्या राहतीलही, आपल्याकडे ते काम उत्साहानं होतं. पण ते रोजचे ६,९०० कोण, याची यादी करायला बसलं की पुन्हा छेदाशी गाठ पडते.

आणि तो छेद तरी पक्का कुठे आहे? वरचे सगळे सव्वापंधरा कोटी, एक कोटी तीस लाख, हे २०११च्या जनगणनेवरून पुढे ढकललेले अंदाज आहेत. पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७मध्ये आहे, १ मार्च ही संदर्भतारीख धरून. १९३१नंतर पहिल्यांदाच तीत प्रत्येकाची जात नोंदवली जाणार आहे. फेब्रुवारी हा वीटभट्टीचा ऐन हंगाम. वाडीवरच्या झोपड्यांना तेव्हा कुलपं असतील आणि पोरं कुठल्या तरी नदीकाठी माती मळत असतील. तुमच्या गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधाला, रस्त्याच्या कडेला अशी भट्टी असेल, तर प्रगणक तुमच्या दारात येईल तेव्हा आपली नावं सांगून झाल्यावर त्याला तिकडची वाट दाखवा.